शाहिरांचा नवा पोट्टा

खोली भाड्याने द्यायची म्हटलं की लोक आधार कार्ड मागतात, लग्न झालंय का विचारतात, मटण खाता का विचारतात. आमच्या घरमालकांनी मला दारातच उभं केलं आणि म्हणाले, तो कोपऱ्यावर दूधवाला दिसतो ना, त्याला इथूनच हाक मार.

मी घाबरले. जत तालुक्यातून नागपूरला एकटी आलेली, नववीत शाळा सोडलेली, हातात एक पिशवी. गांधीबागेतल्या एका साडीच्या दुकानात फॉल-पिकोचं काम कालच मिळालं होतं. अनोळखी दूधवाल्याला हाक मारून सांगू काय? पण राहायचं कुठे हा प्रश्न दूधवाल्यापेक्षा मोठा होता. डोळे मिटले आणि ‘ओ दादा’ म्हणून ओरडले. दूधवाल्याने मान वळवून नुसता हात हलवला. त्याला सवय असावी.

घरमालक कान खाजवत म्हणाले, "गळा कोरडा हाय, पण सरळ हाय. वाकडा गळा मी घरात ठेवत नाई. आण सामान."

सामान हातातच होतं.

सगळा मोहल्ला त्यांना शाहीर म्हणायचा. त्यांची खडी गंमतीची पार्टी होती. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला हा प्रकार नाही, म्हणून मलाही तो समजून घ्यावा लागला. सगळे उभ्यानेच करतात म्हणून खडी. शाहीर पुढे गातो, मागचे त्याची ओळ उचलून धरतात, त्यांना झीलकरी म्हणतात. ढोलकी असते, तुणतुणं असतं. आणि असतो नाच्या, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष. तो नाचतो, मुरकतो आणि भर गावात शाहिराचा पाणउतारा करतो. पार्टी शाहिरांच्या आजोबांनी काढलेली, वडिलांनी चालवलेली. शाहिरांच्या मुलाने मात्र बंगळूर गाठलं आणि तिकडून फोनवर ‘बाबा, तब्येत सांभाळा’ एवढीच झील धरायला सुरुवात केली. तेव्हा शाहिरांनी घरावर मजला चढवला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने भाड्याची सोय केली. त्यांनी झीलकऱ्यांची सोय केली होती.

भाडेकरूंना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. एक गोंदिया, एक बालाघाट आणि मी कोल्हापूर. माझा जिल्हा सांगली आहे हे मी भीत भीत सांगून पाहिलं. ते म्हणाले, सांगली म्हणताना तोंड मिटते, कोल्हापूर म्हटलं का उघडते. तेव्हापासून मी कोल्हापूरची झाले.

सकाळी नळ यायचा तेव्हाची गोष्ट सांगितली तर आजही लोकांना खोटी वाटते. शाहीर जिन्याखाली उभे राहून एक ओळ सोडायचे. ज्या खोलीतून ती आधी उचलली जाईल, त्या खोलीची बादली पहिली. बालाघाट तोंडात पेस्टचा फेस घेऊन गायचा. गोंदिया पांघरुणातूनच गायचा आणि मग बादली शोधायचा. मी तर भीतीने आधीच उठून जिन्यावर बसलेली असायचे, पाणी गेलं तर दुकानात पोहोचायला उशीर, उशीर झाला तर काम जाणार, काम गेलं तर परत गावाला. एवढं सगळं त्या एका ओळीवर लटकलेलं. आणि तरी मी शेवटी राहायचे, कारण ओळीत ‘मले’ आलं की माझ्या तोंडून ‘मला’ जायचं. शाहीर खालूनच निकाल द्यायचे, "मला म्हणणारीले पाणी शेवटी. ही गंमत हाय, रेडिओवरच्या बातम्या नाई."

आता मी शहराबाहेरच्या बेसा भागात राहते. फ्लॅटमध्ये नळ कधीही सोडा, पाणी येतं, कोणाला काही म्हणून दाखवावं लागत नाही. पण बादली भरताना गळा उगाच तयार होतो आणि तसाच राहतो.

शाहिरांची बायको, आमच्या काकू, कानात कापूस घालून स्वयंपाक करायच्या. आयुष्यभर ऐकून ऐकून विटले म्हणायच्या. पण शाहीर कडवं विसरले की स्वयंपाकघरातून पुढची ओळ यायची, कापसासकट. आज शाहीर नाहीत. पार्टी काकू चालवतात आणि कापूस वाती करायला वापरतात.

खोटं बोलण्यात शाहिरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि सगळं खोटं एकाच कामासाठी. मोहल्ल्यातल्या जिममध्ये जाणाऱ्या एका पोराला त्यांनी सांगितलं की डंबेलने हात नुसता फुगतो, मनगट बनतं ते ढोलकीनेच. त्याच्या आईला सांगितलं की स्टेजवर उभं राहिलं की नोकरीच्या इंटरव्ह्यूत पाय लटपटत नाहीत. त्याच्या बापाला सांगितलं की पोरगं वाईट संगतीला लागलं होतं, मी ओढून आणलं. बाप रडला. पोरगं घाबरून ढोलकी शिकलं आणि खरोखर चांगलं वाजवायला लागलं.

डीजेशी त्यांचं भांडण नव्हतं. उलट वरात रस्त्यावरून निघाली की ते शर्ट घालून गाडीसमोर जायचे, हात जोडून डीजेवाल्याला विचारायचे की हा सूर कुठला म्हणायचा. तो खांदे उडवायचा. मग शाहीर त्याला काळजीने सांगायचे, "बिनानावाचा सूर असा रस्त्यावर नोको आणत जाऊ, बापू. कोणाचा तरी हरवला असन, शोधत येईन तो."

त्या दिवाळीच्या आधी मला डेंग्यू झाला, तेव्हा काकूंनी पेज पाजली. शाहीर दारात खुर्ची टाकून बसून राहिले. दुकानाच्या मालकाला फोन करून, ती माझी सख्खी भाची आहे, कामावरून काढाल तर दुकानासमोर सगळी पार्टी उभी करीन असं त्यांनी सांगितलं. काम राहिलं. मी बरी झाल्यावर त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाले की वाकून काय करते, श्वास भर, तापाने तुझी वरची पट्टी गेली असेल. उपकार मानायला गेलं की हा माणूस असा काही तरी विषय काढायचा. त्यामुळे ते उपकार माझ्याकडे तसेच साठून राहिले होते, आणि भाऊबीजेच्या दिवशी त्यांनी एकदम मागणी केली.

झालं असं. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते. बाजार, पाळणे, पाहुणे आणि दिवसभर गंमत. शाहिरांच्या पार्टीकडे पूर्वी पुष्कळ गावं होती. एकेक करून ती डीजेकडे गेली. राहिलं होतं ते कळमेश्वरच्या पुढचं एक गाव. तिथली रीत अशी की खेळ संपला की मंडईचे अध्यक्ष स्टेजवर येऊन शाहिराच्या हातात पानाचा विडा ठेवतात. विडा दिला म्हणजे पुढच्या वर्षी तुम्हीच. त्या वर्षी गावातल्या, एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांनी डीजेसाठी जोर लावला होता. म्हाताऱ्या अध्यक्षांनी निरोप पाठवला की पार्टी पुरी आणा, नाच्या बरोबर आणा, काही कमी दिसलं तर विडा मी थांबवू शकणार नाही. तो विडा गेला असता तर पार्टीला उभं राहायला जमीनच उरली नसती. मग खोल्यांमध्ये नुसते भाडेकरू राहिले असते.

आणि नेमका आमचा नाच्या पडला. सदाशिव त्याचं नाव, पन्नाशीचा, ई-रिक्षा चालवायचा. रिक्षातून उतरताना पाय नालीत गेला. गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

शाहिरांनी सगळ्यांना ओळीने उभं करून पाहिलं. गोंदियाला पोट होतं आणि मिशीवर त्याचं पोटापेक्षा जास्त प्रेम होतं. बालाघाट दारातून वाकून आत येणारा. ढोलकीवाल्या पोराच्या दंडावर चोळीची बाही चढेना. मी कोपऱ्यात तीच बाही उसवून देत बसले होते. शाहिरांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

मी म्हटलं, "काका, मी बाई आहे."

"ते कोणाले सांगाचं नाई," शाहीर म्हणाले.

त्यांना वाटलं एवढ्याने विषय संपला. मी म्हटलं की बाई म्हणूनच नाचते हवं तर, लपवायचं कशाला? तेव्हा ते पहिल्यांदा गंभीर झाले. म्हणाले, गंमत पाहायला गावातल्या सगळ्या बाया येतात, लेकीसुना पुढे बसतात. का येतात? नाच्या पुरुष आहे म्हणून. स्टेजवर खरी बाई दिसली की घरचे त्यांना उठवून नेतील, तमाशा आहे म्हणतील. बाया उठल्या की गंमत उठली. मी भावाचं नाव पुढे केलं. कोणी मोबाईलवर काढलं, गावी गेलं, तर भाऊ मला उभी चिरेल. त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. तू बाई म्हणून नाचलीस तर त्याला राग येईल. तू बाईचं सोंग घेतलेला माणूस म्हणून नाचलीस तर त्याचं काय जातं?

यात कुठे तरी चूक आहे हे मला कळत होतं. कुठे, ते सापडेपर्यंत त्यांनी मला सदाशिवच्या खाटेपुढे नेऊन उभं केलं.

सदाशिव म्हणाला, चालून दाखव. मी दारापर्यंत गेले आणि आले. त्याने कपाळावर हात मारला.

"बाई अशी चालत नाई वं."

"मी रोज अशीच चालते."

"मंग रोज चुकून राहिली तू."

प्लास्टरचा पाय उशीवर, आणि वरचा अर्धा सदाशिव मला चालून दाखवत होता. मान कशी, खांदा कसा, कंबर कुठे थांबवायची आणि कुठे सोडायची. डोक्यावर पाण्याच्या दोन गुंड्या, म्हणजे घागरी आहेत, पायात जड तोडे आहेत, बांध अरुंद आहे आणि कोणी तरी पाहतंय हे माहीत आहे, पण माहीत नाही असं दाखवायचं आहे. ही चाल त्याला त्याच्या उस्तादाने दिली होती, उस्तादाला त्याच्या उस्तादाने. खाटेवरचा तो टक्कल पडायला लागलेला माणूस नुसती मान वळवायचा आणि खोलीत एक बाई उभी राहायची. मी खरोखरची बाई, आणि मला ते काही केल्या जमेना. काकू कापूस काढून बघायला आल्या, त्यांनी चालून पाहिलं, त्यांनाही जमेना.

मंडईला निघालो तेव्हा काकूंनी माझ्या ओठावर काजळाचं बोट फिरवलं आणि वरून पावडर थापली. घोटून दाढी केली तरी थोडी काळी छाया राहते ना, ती. बाई असून पुरुष, पुरुष असून बाई, आरशात मला मी सापडेना. गाडीत शाहिरांनी सगळ्यांना बजावलं की स्टेजवर हिला बाईला म्हणतात तसं ‘वं’ म्हणायचं, स्टेजमागे पुरुषाला म्हणतात तसं ‘गा’ म्हणायचं, आणि उलटं झालं तर ज्याच्या तोंडून गेलं त्याची खोली रिकामी. बालाघाट सगळा रस्ता पुटपुटत होता, पुढे वं, मागे गा.

दुपारचं ऊन, मांडव भरलेला. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, आणि मागे हाताची घडी घालून डीजेची पोरं. ढोलकी वाजली आणि मी शिरले. शिरल्या शिरल्या सवयीने पदर सारखा केला. सदाशिवने शिकवलेलं सगळं त्या पदराबरोबर उडालं. मी फॉल-पिकोच्या दुकानात जाते तशी, बस चुकेल म्हणून भराभर, स्टेजच्या मध्यावर जाऊन उभी राहिले.

बायांच्या बाजूने स्पष्ट ऐकू आलं, "हा नाच्या बेकार हाय. बाईसारखा चालतच नाई."

अध्यक्षांनी पुढच्या खुर्चीवर पाय बदलला. मागची पोरं हसली. शाहिरांनी माझ्याकडे पाहिलं, सावरायला म्हणून गाणं तोडलं आणि बोलणीत, म्हणजे गाण्यामधल्या संवादात शिरले. "काहून वं, अशी काहून चालून राहिली?"

उत्तर पाठ होतं. ते आलंच नाही. घशातून सरळ माझं गाव बाहेर पडलं. "पायात काटा मोडलाय न्हवं. मला चालाय येत न्हाई."

‘मला’ ऐकून शाहिरांचा चेहरा नळावर व्हायचा तसा झाला. मग पुरुषांमधला एक म्हातारा खोकल्यासारखा हसला, आणि शाहीर वळले झीलकऱ्यांकडे. म्हणाले, ऐकलं का गा, मला म्हणते. तिकडची बायको केली मी, आता घरात दिवसभर मले-मला चालू आहे. हशा पिकला. त्यांनी विचारलं, तुले काय पाहिजे? मी म्हटलं, मला पाणी पाहिजे. आणि त्या पाण्याबरोबर माझ्या पोटातलं वर्षभराचं सगळं वर आलं. मी बायांकडे तोंड करून सांगितलं की ह्यो बाबा सकाळी नळाला गाणं म्हणाय लावतोय, ‘मला’ म्हटलं की बादली शेवटी, त्याच्यापायी मी बिनअंघोळीची कामाला जातोय का न्हाई विचारा ह्या मागच्यांस्नी. मागून गोंदिया आणि बालाघाट, पहिल्यांदाच अगदी एका सुरात, म्हणाले, "खरं हाय."

ते सोंग नव्हतं, म्हणून इतकं हसू आलं असावं. शाहीर ‘मले’ची ओळ सोडायचे, मी ‘मला’ने परतवायचे, आणि झीलकरी मधोमध फुटले, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. बाया माझ्या बाजूच्या, पुरुष शाहिरांच्या. भर गावात म्हाताऱ्याचा असा पाणउतारा मी केला की नंतर माझी मलाच भीती वाटली. शाहीर घामाने निथळत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. ढोलकीच्या आडून ते एवढंच कुजबुजले, "चाल, पोरी. चाल विसरली तू."

खेळ संपला. अध्यक्ष विडा घेऊन वर आले, पण हात पुढे करेनात. म्हणाले, "पोट्टा बोलते चांगला. हुबेहूब तिकडची बाई. पण चाल नाई त्याच्यात, शाहीर. नाच्याची चाल गेली तर मंग राहिलं काय?" मागची पोरं लगेच पुढे सरकली. शाहिरांचा हात पसरलेला होता आणि त्यांनी तो मागे घेतला नाही.

बायांच्या पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. अध्यक्षांचीच बायको. नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली, "द्या तो विडा. पान सुकून राहिलं." आणि मागच्या सगळ्या बाया ‘द्या, द्या’ म्हणायला लागल्या. अध्यक्षांनी विडा ठेवला.

स्टेजमागे सगळे मला ‘वा गा, वा गा’ करत होते, तेवढ्यात म्हातारी पडदा सारून आत आली. तिच्यामागे चहाची किटली घेऊन कॉलेजातली नात. म्हातारीने मला वरून खालून पाहिलं.

"सदाशिव यायचा तेव्हा मले माही सासू दिसायची," ती शाहिरांना म्हणाली. "अशीच चालायची बुढी. म्हणून येऊन बसतो मी समोर दरसाल. आन् हे पाहा, माणूस असा चालत नाई. माणसाले चाल शिका लागते. न शिकता जी आपली चालते, तिची अशी चाल असते." मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "काय वं?"

शाहिरांनी नातीच्या हातून किटली घेतली आणि स्वतःच म्हातारीसाठी चहा ओतायला लागले. बालाघाटने तोंडावर हात घट्ट दाबला होता.

म्हातारीने नातीला पुढे ढकललं. "हेबी अशीच दणदण चालते. गळा हाय तिले. सदाशिव हाय तोपर्यंत शिकवून घ्या त्याच्याकडून. हिलेबी पोट्टा करा."

"गावात काय सांगाचं?" शाहिरांनी विचारलं.

"शाहिराचा पुतण्या हाय म्हणा, नागपूरचा."

महिनाभरात त्या खेळाचा व्हिडिओ जतला पोहोचला. भावाने मलाच पाठवला. खाली लिहिलं होतं, तुमच्या नागपुरात आपल्याकडचा एक पोरगा नाचतोय, ओळखीचा आहे का? मी लिहिलं, नाही.

नात दर रविवारी यायची. घरी आजीने शिवणक्लास सांगितला होता, म्हणून मी तिला येता-जाता थोडं पिकोही शिकवलं. सदाशिवचं प्लास्टर निघालं होतं, पण गुडघा नाचायचा राहिला नव्हता. खुर्चीत बसून तो ओरडायचा, आणि ती त्या अरुंद बोळात डोक्यावर रिकामी कळशी घेऊन जायची-यायची. मोहल्ल्याला वाटायचं आमच्याकडे पाण्याची फार टंचाई आहे.

पुढच्या मंडईला पार्टीत दोन नाचे होते. मी बोलणारा, ती चालणारी. ती स्टेजवर शिरली आणि बायांनी पदर तोंडाला लावले. त्या सगळ्यांना माहीत होतं ती कोण ते. पुरुषांच्या बाजूला कोणालाच माहीत नव्हतं. खेळ संपल्यावर अध्यक्ष विडा घेऊन वर आले, शाहिरांच्या हातात ठेवला आणि तिथेच घुटमळले. मग नवीन पोट्ट्यापुढे येऊन उभे राहिले. काजळाची दाढी केलेली त्यांची नात खाली बघत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"कोणाचा गा तू?" त्यांनी विचारलं. "माही माय अशी चालायची."

शाहिरांनी अख्खा विडा तोंडात कोंबला. हसू दाबायला त्यांच्याकडे तेवढंच होतं.